हीथ्रोहून लंडन शहरात : दोन लहान मुले, दोन मोठ्या बॅगा आणि एक बाबागाडी

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मुंबईहून लंडनला गेलो तेव्हा मुलगी सहा वर्षांची होती आणि मुलगा अडीच वर्षांचा. विमान हीथ्रोच्या टर्मिनल ३ वर उतरले तेव्हा तिथे संध्याकाळचे साडेसहा वाजले होते, म्हणजे मुलांच्या शरीराच्या घड्याळात रात्रीचे बारा. नोव्हेंबरात भारत आणि लंडन यांच्या वेळेत साडेपाच तासांचे अंतर असते, हे आपण तिकीट काढताना वाचलेले असते. पण धाकटा कडेवर गाढ झोपलेला, थोरली उभ्या उभ्या पेंगते आहे आणि समोर पारपत्र तपासणीची नागमोडी रांग आहे, अशा वेळी त्या अंतराचा खरा अर्थ कळतो. विमानातल्या साडेनऊ-दहा तासांची तयारी सगळेच करतात. त्यानंतरच्या दोन तासांची तयारी मात्र फार थोडे लोक करतात, म्हणून हा वृत्तांत त्या दोन तासांपुरताच लिहिला आहे.

याआधी आम्ही एकदा लंडनला गेलो होतो, तेव्हा थोरली दोन वर्षांची होती. त्या वेळी आम्ही पुण्यातूनच एक गाडी ठरवली होती. लहान मुलाची आसनव्यवस्था मिळेल असे सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात गाडीत ती नव्हती. शिवाय एम ४ महामार्गावर गाड्यांची रांग लागलेली होती आणि पाऊण तासाने मुलीने माझ्या अंगावर उलटी केली. थकलेल्या मुलाला थांबत, झटके खात चालणाऱ्या मोटारीत तासभर बसवणे हा आराम नसतो, हे त्या दिवशी मनावर कोरले गेले. म्हणून या खेपेस आम्ही आधी रेल्वेमार्ग निवडला आणि मग त्या मार्गावर राहायची जागा शोधली. पुढे जाणाऱ्यांना मी सर्वांत आग्रहाने सांगेन ते हेच : हॉटेल आधी ठरवून मग तिथे कसे पोहोचायचे हे शोधू नका. मुले लहान असतील तर किती मिनिटे वाचतात यापेक्षा किती वेळा गाडी बदलावी लागते आणि किती जिने चढावे लागतात, हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे.

हीथ्रोहून शहरात येण्यासाठी रुळांवरचे तीन मार्ग आहेत. पिकॅडिली लाइन ही भुयारी रेल्वे १९७७ पासून विमानतळापर्यंत येते आणि तिघांत सर्वांत स्वस्त आहे. मात्र मध्य लंडनला पोहोचायला तिला पाऊण ते एक तास लागतो, डबे अरुंद आहेत आणि शहराकडे जाता जाता गर्दी वाढत जाते. हीथ्रो एक्स्प्रेस टर्मिनल २ आणि ३ च्या स्थानकावरून पंधरा मिनिटांत लंडनच्या पश्चिम भागातल्या पॅडिंग्टन स्थानकावर नेते आणि पंधरा वर्षांपर्यंतची मुले मोठ्यांबरोबर तिच्यात विनामूल्य जातात, पण मोठ्यांचे भाडे बरेच अधिक आहे आणि पॅडिंग्टनला उतरल्यावर पुढचा प्रवास तुमचा तुम्हाला करावा लागतो. तिसरा मार्ग एलिझाबेथ लाइनचा. ही लाइन मे २०२२ मध्ये सुरू झाली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून हीथ्रोची गाडी पॅडिंग्टनलाच न संपता थेट शहराच्या पोटातून पूर्वेकडे जाऊ लागली. बाँड स्ट्रीट, टॉटनहॅम कोर्ट रोड, फॅरिंग्डन, लिव्हरपूल स्ट्रीट आणि व्हाइटचॅपल ही सारी स्थानके एकाच गाडीत बसून गाठता येतात. तिचे भाडे पिकॅडिली लाइनच्या दुपटीहून अधिक आहे, तरी आम्ही तीच निवडली, कारण तिच्या प्रत्येक स्थानकावर जिना न चढता रस्त्यापासून फलाटापर्यंत जाता येते. झोपलेल्या मुलासह बाबागाडी उचलून वीस पायऱ्या चढलेल्या कोणालाही या एका वाक्याची किंमत सांगावी लागणार नाही.

पिकॅडिली लाइनने जायचेच असेल तर उतरण्याच्या स्थानकावर लिफ्ट आहे का, हे नकाशावर आधी पाहावे. अर्ल्स कोर्ट, ग्रीन पार्क आणि किंग्ज क्रॉस येथे अडचण येत नाही. साउथ केन्सिंग्टन हे संग्रहालयांमुळे मुलांच्या पालकांचे आवडते स्थानक आहे, पण तिथे पिकॅडिलीच्या फलाटावरून वर येताना पायऱ्या टळत नाहीत. रसेल स्क्वेअरला लिफ्ट आहे, तरीही फलाट आणि लिफ्ट यांच्यामध्ये पायऱ्या आहेत. लिफ्टचे नाव वाचून तिथे जागा घेणारी कुटुंबे इथेच फसतात.

आता तिकिटांविषयी. पाच वर्षांखालील मुलांना भाडे नाही, आणि पाच ते दहा वर्षांची मुले भुयारी रेल्वेत व एलिझाबेथ लाइनवर मोठ्यांबरोबर विनामूल्य जातात. एका मोठ्या माणसाबरोबर अशी चार मुले चालतात. त्यांच्यासाठी कोणतेही कार्ड घ्यावे लागत नाही. रुंद फाटकाशी उभे राहून आपले कार्ड टेकवावे आणि मुलांना बरोबर घेऊनच आत जावे. अकरा ते पंधरा वर्षांच्या पाहुण्या मुलांसाठी स्थानकावरील कर्मचारी ऑयस्टर कार्डावर (लंडनच्या प्रवासाचे आगाऊ पैसे भरलेले कार्ड) तात्पुरती सवलत चढवून देतात, तिने अर्धे भाडे पडते. मोठ्यांनी आपले बँकेचे टेकवण्याचे कार्ड वापरले तरी चालते, पण प्रत्येक मोठ्या माणसाचे कार्ड वेगळे हवे. शिवाय जे कार्ड आत शिरताना टेकवले तेच बाहेर पडताना टेकवावे. फोनमधले कार्ड आणि पाकिटातले कार्ड एकाच खात्याचे असले तरी यंत्र त्यांना दोन वेगळी कार्डे समजते आणि दोन्हींवर जास्तीचे भाडे लावते.

टर्मिनल ३ मधून बाहेर आल्यावर स्थानकापर्यंत भुयारी वाटेने बरेच चालावे लागते. मुलांच्या पावलांनी आम्हाला दहा-बारा मिनिटे लागली. त्याआधी एक काम न चुकता उरकावे : एलिझाबेथ लाइनच्या गाडीत स्वच्छतागृह नसते, तेव्हा मुलांना टर्मिनलमध्येच नेऊन आणावे आणि लंगोटही तिथेच बदलावा. खाण्याच्या बाबतीतही सावध राहावे. भारतातून दुधाचे व मांसाचे पदार्थ ब्रिटनमध्ये नेण्यास मनाई आहे, त्यामुळे आजीने बांधून दिलेले पेढे आणि खव्याच्या करंज्या आम्ही घरीच ठेवल्या होत्या. रांगेत थोरलीला तगवले ते चकलीच्या तुकड्यांनी आणि मुरमुऱ्यांच्या चिवड्याने.

फलाटावर पोहोचल्यावर घाई करू नये, कारण टर्मिनल २ आणि ३ च्या स्थानकात हीथ्रो एक्स्प्रेस आणि एलिझाबेथ लाइन यांच्या गाड्या एकाच फलाटावर येतात. समोरच्या फलकावर गाडीचे नाव वाचल्याशिवाय चढलात तर नकळत महागड्या गाडीत बसाल. या स्थानकाचा फलाट आपल्याकडच्यासारखाच उघडा आहे, म्हणून मुलाचा हात घट्ट धरावा. पॅडिंग्टनच्या भुयारापासून पुढे मात्र फलाटाच्या कडेला छतापर्यंत काचेची भिंत असते आणि गाडी थांबल्यावरच तिची दारे उघडतात, तेव्हा तिथे जीव थोडा खाली पडतो. गाडी नऊ डब्यांची असून आतून सलग मोकळी आहे आणि वातानुकूलित आहे. बाबागाडी ठेवायला मधल्या डब्यांत मोकळी जागा मिळते. आम्ही चढलो तेव्हा गर्दी नव्हती. हातातल्या दोन बॅगा पायांनी अडवून, धाकट्याची गाडी त्यांच्या आड उभी करून बसलो, आणि साउथॉल येईपर्यंत थोरली माझ्या मांडीवर डोके ठेवून झोपली होती. तिच्या मुठीत चकलीचे शेवटचे अर्धे वेटोळे तसेच राहिले होते.

आमची चूक झाली ती उतरताना. लिव्हरपूल स्ट्रीटचे फलाट इतके लांब आहेत की त्यांचे एक टोक लिव्हरपूल स्ट्रीट स्थानकाशी आणि दुसरे मूरगेट स्थानकाशी जोडलेले आहे. आमचे घर लिव्हरपूल स्ट्रीटच्या टोकाकडे, स्पिटलफील्ड्सच्या बाजूला होते. आम्ही गाडीच्या मागच्या भागात बसलो होतो आणि उतरल्यावर जी पाटी आधी दिसली तिच्या मागे निघालो, तर वर आलो ते मूरगेटला. रात्री, बारीक पावसात, दोन बॅगा ओढत आणि एक मूल कडेवर घेऊन उलट्या दिशेने चालताना ते अंतर पुण्याहून सिंहगडाइतके वाटले. हीथ्रोहून येणारी गाडी पूर्वेकडे जाते, म्हणून मूरगेटचे टोक मागच्या डब्यांजवळ आणि लिव्हरपूल स्ट्रीटचे टोक पुढच्या डब्यांजवळ येते. फॅरिंग्डनलाही अशीच दोन टोके आहेत, एक फॅरिंग्डनकडे आणि दुसरे बार्बिकनकडे. घरमालकाला पत्ता विचारताना बाहेर पडण्याचे कोणते दार जवळ आहे, हेही विचारून ठेवावे. मधल्या डब्यात बसलात तरी चालेल, कारण गाडी आतून सलग असल्यामुळे एखादे स्थानक आधी उठून पुढे चालत जाता येते.

टॅक्सीविषयी थोडे सांगायला हवे, कारण प्रत्येकाचे घर या लाइनवर नसते. लंडनच्या काळ्या टॅक्सीत पाच माणसे बसतात आणि बाबागाडी न मिटता आत ढकलता येते. इंग्लंडच्या नियमानुसार टॅक्सीत मुलासाठी खास आसन नसले तरी तीन वर्षांखालील मूल मागच्या बाजूला पट्ट्याशिवाय बसू शकते आणि तीन वर्षांवरील मुलाला मोठ्यांचा पट्टा लावावा लागतो. कायद्याने चालते म्हणून मला ते पटते असे नाही; महामार्गावरून तासभर जायचे असेल तर आधी गाडी ठरवून आसनाची लेखी खात्री करून घ्यावी आणि निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा विचारावे. मला विचाराल तर रेल्वेने पॅडिंग्टन किंवा लिव्हरपूल स्ट्रीटपर्यंत यावे आणि शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांपुरती काळी टॅक्सी करावी. विमान फार उशिरा उतरणार असेल तर शेवटच्या गाडीची वेळ आधी पाहून ठेवावी. एलिझाबेथ लाइन रात्रभर चालत नाही. पिकॅडिली लाइन शुक्रवारी आणि शनिवारी रात्रभर चालते, पण त्या रात्रगाड्या टर्मिनल ४ ला जात नाहीत.

परतीच्या दिवशी आम्ही दुपारी त्याच मार्गाने गेलो. या दिशेला एलिझाबेथ लाइनच्या काही गाड्या टर्मिनल ४ ला आणि काही टर्मिनल ५ ला जातात. टर्मिनल २ आणि ३ चे स्थानक दोन्हींच्या वाटेवर असल्याने आम्हाला फरक पडला नाही, पण ज्यांचे विमान ४ किंवा ५ वरून असेल त्यांनी फलक नीट वाचून चढावे. चुकून दुसऱ्या टर्मिनलला पोहोचलात तरी टर्मिनलांमधला रेल्वेप्रवास विनामूल्य आहे. या वेळी आम्ही लिव्हरपूल स्ट्रीटच्या टोकाने आत शिरलो आणि लिफ्टने खाली उतरलो. गाडी सुटताना थोरलीने काचेच्या भिंतीवरचे स्थानकाचे नाव अक्षर जुळवत वाचून काढले.