हत्ती विकून हत्ती वाचवणारा

डेव्हिड शेफर्डला चित्रकार व्हायचंच नव्हतं. त्याला व्हायचं होतं गेम वॉर्डन, म्हणजे आफ्रिकेतल्या जंगलाचा राखणदार. १९३१ साली लंडनमध्ये जन्मलेला हा पोरगा शाळा संपल्या संपल्या, १९४९मध्ये, थेट नैरोबीला जाऊन धडकला. मी आलोय, मला कामावर घ्या! साहेबांनी त्याला वाटेला लावलं, यात नवल नाही. मग केनियाच्या किनाऱ्यावर मालिंदीला एका हॉटेलात रिसेप्शनिस्टची नोकरी, आणि घरी परतायला पैसे नाहीत म्हणून पक्ष्यांची चित्रं रंगवून विकणं. त्या चित्रांवर बोटीचं तिकीट निघालं. पुढच्या सगळ्या आयुष्याचं गणित इथेच मांडून झालं होतं असं मला वाटतं: चित्र ही विकायची वस्तू आहे, आणि विकून आलेल्या पैशाने काहीतरी काम उरकायचं असतं.

लंडनला परतल्यावर पुढे दोन वाटा होत्या. बस चालवायची, नाहीतर चित्रकला शिकायची. स्लेड स्कूल या नामांकित कलाशाळेने त्याची पक्ष्यांची चित्रं बघून, तुझ्यात काही दम नाही, असं सांगून परत पाठवलं. बसचा डेपो जवळजवळ ठरलाच होता. तेवढ्यात एका पार्टीत रॉबिन गुडविन हा चित्रकार भेटला आणि त्याने याला शिष्य करून घेतलं. तीन वर्षं. गुडविनची शिकवण रोकडी होती. चित्रकाराने रोज सकाळी कामाला बसायचं, स्फूर्तीची वाट बघत बसायचं नाही, वीजबिल भरायचंय हे विसरायचं नाही. मी स्वतः पक्षी-प्राण्यांची चित्रं काढून पोट भरते. निसर्ग माहिती केंद्रातले फलक, मुलांची पुस्तकं, कधी एखादं कॅलेंडर. त्यामुळे हा गुडविन मला कुठल्याही कलासमीक्षकापेक्षा जवळचा वाटतो.

सुरुवातीला शेफर्ड विमानं रंगवायचा. हीथ्रोवर जाऊन धावपट्टीच्या कडेला इझल मांडायचा. ती चित्रं बघून ब्रिटिश हवाई दलाने त्याला कामं द्यायला सुरुवात केली आणि १९६०मध्ये त्याला केनियाला नेलं. तिथले अधिकारी म्हणाले, विमानं आम्ही दिवसभर उडवतोच, भिंतीवर आणखी कशाला? इथलं काहीतरी काढ, हत्ती वगैरे. त्याने धावपट्टीवर आलेला गेंडा काढला. मिळाले पंचवीस पौंड. वन्यजीव चित्रकार म्हणून त्याची सुरुवात ही अशी, गिऱ्हाइकाच्या फर्माइशीतून.

त्याच वर्षी टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियात, त्याला एक पाणवठा दिसला. चोरट्या शिकाऱ्यांनी पाण्यात विष कालवलं होतं. भोवती २५५ झेब्रे मरून पडले होते. आपण त्या दिवशी संवर्धनाकडे वळलो, असं तो पुढे आयुष्यभर सांगत राहिला.

आता हत्ती. शेफर्डचं नाव निघालं की पहिला हत्तीच आठवतो. कान पसरून, धुळीतून सरळ आपल्या अंगावर येणारा. त्याच्या चित्राची चांगली छापील प्रत मिळाली तर कपाळाकडे नीट बघा. हत्ती करडा असतो हे आपण शाळेत शिकतो आणि मग काळ्या-पांढऱ्याचं मिश्रण करून तो मारून टाकतो. शेफर्डच्या हत्तीत निव्वळ करडा रंग शोधून सापडत नाही. ऊन जिथे पडलंय तिथे त्या मुलखातल्या मातीचा पिवळा-तांबूस, सावलीत निळसर, पोटाखाली जमिनीवरून उलटून आलेला उजेड. सुरकुत्या रेघांनी ओढलेल्या नाहीत. प्रत्येक घडीला उजेडातली एक कड आहे आणि लगेच खाली अंधार. सोंडेवर या घड्या आडव्या जातात, गुडघ्याजवळ लोंबतात. कानाच्या पातळ कडेतून उजेड आरपार येतो तिथे एकदम लालसर झाक. ऑइलमध्ये, म्हणजे तैलरंगात, हे करायचं तर खालचा थर किती सुकू द्यायचा याचा अंदाज हाताला असावा लागतो, नाहीतर सगळा चिखल होतो.

हाच हात तो वाफेच्या इंजिनांना लावायचा. इंग्लंडमध्ये वाफेची इंजिनं भंगारात निघत होती तेव्हा, १९६०च्या दशकात, हा लोको शेडमध्ये जाऊन काजळीत बसून रंगवत होता. लोकांना वाटतं की हत्ती आणि इंजिन हे दोन वेगळे नाद. मला नाही वाटत. दोन्ही अवाढव्य, दोन्हींची कातडी मळकट, दोन्हींभोवती धूळ नाहीतर वाफ, आणि दोन्ही डोळ्यांदेखत संपत चाललेली. १९६७मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात चित्रं खपली, तर या माणसाने त्या पैशातून दोन इंजिनं विकत घेतली! त्यातल्या एकाचं नाव त्याने ‘ब्लॅक प्रिन्स’ ठेवलं. इंजिनं ठेवायची कुठे, तर पुढे सॉमरसेटमध्ये क्रॅनमोरला त्यांच्यासाठी रेल्वेच उभी केली. त्याच्या बायकोबद्दल मला फार कुतूहल आहे. चार मुली सांभाळून हेही.

बूट्स नावाची दुकानांची साखळी आहे ब्रिटनमध्ये, मुळात औषधांची. तिथे त्याच्या ‘वाइज ओल्ड एलिफंट’ या चित्राच्या प्रती अडीच लाखांच्या घरात खपल्या. माझा एक मित्र आहे, रीतसर कलाशिक्षण घेतलेला. त्याच्या मते विषय इथेच संपतो. औषधाच्या दुकानात मिळतं ते कॅलेंडर आर्ट, चित्रकला नव्हे. पंचवीस वर्षं आमचं यावरून वाजतंय. त्याचं थोडं मलाही पटतं. शेफर्डचं आभाळ फार नाटकी असतं, आणि त्याचे वाघ मला हत्तींइतके जिवंत वाटत नाहीत. वाघाच्या अंगातली ढिलाई त्याला पकडता आली नाही.

पण ‘टायगर फायर’ हे त्याचं चित्र वाघाचंच. १९७३चं. त्याच्या मोजक्या प्रती काढून विकल्या आणि १,२७,५०० पौंड उभे राहिले, तेव्हाच्या दराने वीस लाख रुपयांच्या वर. ते पैसे आले भारतात, इंदिरा गांधींच्या काळात नुकत्याच सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्पाच्या कामाला. त्या पहिल्या नऊ प्रकल्पांत आपला मेळघाट होता. मूळ चित्र एकदाच विकलं जातं, एकाच श्रीमंताच्या घरी जातं. प्रती काढल्या की तेच चित्र शेकडो वेळा विकता येतं, आणि प्रती मोजक्या ठेवल्या की किंमतही टिकते. ही अक्कल कलाशाळेत शिकवत नाहीत. झांबियासाठीही त्याने असंच केलं. अमेरिकेत चित्रांचा लिलाव करून आलेल्या पैशातून शिकारविरोधी पथकाला हेलिकॉप्टर दिलं. राष्ट्राध्यक्ष केनेथ कौंडांनी परतफेड म्हणून काय द्यावं? १८९६ सालचं वाफेचं इंजिन.

इथे थोडं माझं गाऱ्हाणं. संवर्धनाच्या कार्यक्रमांना चित्रकाराकडून चित्र फुकट मागायची आपल्याकडे रीत आहे. ‘मॅडम, तुमचंही नाव होईल.’ चित्र भिंतीवर टांगलं जातं, पाहुण्यांना शाल-श्रीफळ मिळतं, जंगलाला दमडी मिळत नाही. शेफर्ड चित्र देत नव्हता, चित्राचे पैसे देत होता. या प्राण्यांनी मला मोठं केलं, त्यांचं देणं लागतो, असं तो म्हणायचा आणि त्याचा हिशेबही ठेवायचा. १९८४मध्ये त्याने स्वतःच्या नावाने वन्यजीव प्रतिष्ठान काढलं. ते आजही चालू आहे, वन्यजीव चित्रकारांची स्पर्धा भरवतं आणि चित्रविक्रीचा पैसा हत्ती, गेंडे, वाघ यांच्या कामी लावतं.

सप्टेंबर २०१७मध्ये, शहाऐंशीव्या वर्षी तो गेला. नात एमिली लँब चित्रकार आहे. तिचाही हात ऑइलमध्ये, तिचेही विषय आफ्रिकेतलेच, पण फटकारे मोकळे. आजोबांसारखी एकेक सुरकुती ती मोजत बसत नाही. खरं सांगायचं तर मला ती जास्त आवडते. मित्राला मोबाइलवर तिची चित्रं दाखवली तर तो बराच वेळ बघत राहिला, झूम करकरून. ‘ही खरी पेंटर,’ म्हणाला. कोणाची नात ते मी अजून सांगितलेलं नाही.