एवढ्या लांबून पितळ?

माझी मावसबहीण न्यू जर्सीला असते, ती मागच्या महिन्यात आली तेव्हा पोर्टो रिकोहून माझ्यासाठी एक लॉकेट घेऊन आली. सूर्याचा चेहरा आणि भोवती किरणं, जरा बावळट दिसतो पण गोड आहे. तिथल्या हायुया भागात ताईनो लोकांनी, म्हणजे कॅरिबियन बेटांवरच्या मूळ रहिवाशांनी, खडकावर कोरलेल्या सूर्याची ही नक्कल. सोबतच्या कार्डावर लिहिलंय की विक्रीतले काही पैसे उत्खननाला जातात. काही म्हणजे किती ते नाही लिहिलं, असो.

आई लगेच, "अगं एवढ्या लांबून आणलं आणि पितळ?"

आता आपल्याकडे पितळ उघडं पडतं, पण ताईनोंकडे उलटा कारभार होता. त्यांच्याकडे शुद्ध सोनं होतं, पण त्यांना जास्त अप्रूप ग्वानीनचं, म्हणजे सोनं-तांबं मिसळलेल्या लालसर धातूचं, जो समुद्रापलीकडून दक्षिण अमेरिकेतून यायचा. १४९२ नंतर स्पॅनिश लोक पितळ घेऊन आले तर यांनी ते नाकाला लावून हुंगलं आणि म्हणाले हे 'तुरेय' आहे, म्हणजे आकाशातलं! क्यूबात एल चोरो दे माइता म्हणून जागा आहे, तिथल्या कबरींमध्ये गळ्यात घातलेल्या छोट्या पितळी नळ्या सापडल्या. तपासल्यावर कळलं की ती युरोपियन कपड्यांच्या नाड्यांची टोकं आहेत, आपल्या बुटाच्या लेसला असतात ना प्लॅस्टिकची तशी. एकाच्या नाडीचं टोक ते दुसऱ्याचा दागिना, आणि तेही मेल्यावर सोबत न्यायचा.

हे कळतं कारण नळी नेमकी कुठे, कुणाच्या गळ्यात होती याची नोंद आहे. तीच चोरून बाजारात आली असती तर भंगार. म्हणून मला खऱ्या वस्तूपेक्षा नक्कल गळ्यात घालणं बरं वाटतं, आणि उत्खननाचे पैसे नुसत्या खोदाईपेक्षा नंतरच्या कामालाच जास्त लागतात, खापऱ्या धुणं, नंबर टाकणं, कार्बन डेटिंग. पोर्टो रिकोतल्या पोन्से शहराजवळचं तिबेस हे प्राचीन स्थळ तर १९७५ च्या एलोईज वादळाने माती वाहून गेली म्हणून उघडं पडलं, खोदाईचं पहिलं काम फुकटात! (हरिकेन हा शब्दही म्हणे ताईनोंचाच.)

काल आईने न विचारताच लॉकेटला चिंच-मीठ लावून समईबरोबर घासून टाकलं. मी हुंगून बघितलं. आकाश वगैरे काही नाही, चिंचेचा वास येतोय.