फाइल समोर दिसते, पण कंटेनरला सापडत नाही!

बीडब्ल्यूए आणि सॅमटूल्स ही डीएनए डेटा हाताळणारी साधने नव्या क्लस्टरवर (एकत्र जोडलेल्या संगणकांच्या यंत्रणेवर) पुन्हा कंपाइल करत बसण्यापेक्षा कंटेनर, म्हणजे सगळ्या गरजांसह बांधलेले तयार सॉफ्टवेअर, वापरण्याचा माझा निर्णय योग्यच होता. डॉकर या प्रचलित कंटेनर-साधनाला सहसा रूट (सर्वोच्च) अधिकार लागत असल्याने सामायिक क्लस्टरवर तो क्वचितच चालू देतात. म्हणून मी रूट अधिकारांशिवाय चालणारे ॲपटेनर निवडले, म्हणजेच 2021 पर्यंतचे सिंग्युलॅरिटी. बायोकंटेनर्स या तयार कंटेनरच्या संग्रहातून सॅमटूल्स 1.17 ची इमेज (कंटेनरची फाइल) विनासायास उतरली.

घोडे अडले ते पुढे. बॅम फाइल (जुळवलेल्या डीएनए तुकड्यांची) उघडायला सांगितली की ‘अशी फाइल किंवा डिरेक्टरी नाही’ असा संदेश येई, आणि त्याच टर्मिनलवर ‘एलएस’ (फाइलींची यादी दाखवणारी आज्ञा) दिले की तीच फाइल हजर! मदतकक्षाने ‘पाथ तपासा’ एवढे लिहून तिकीट बंद केले. पुन्हा लिहिल्यावर परवानग्या तपासायला सांगितले, ज्या मी आधीच तपासून कळवल्या होत्या. अखेर कंटेनरच्या आत शेल उघडून पाहिले, तेव्हा उलगडा झाला. माझ्या होम फोल्डरमधले प्रकल्पाचे फोल्डर ही केवळ सिम्बॉलिक लिंक (दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणारी नोंद) होती आणि खरा डेटा वेगळ्या डिस्कवर होता. ॲपटेनर आपण होऊन होम, चालू डिरेक्टरी, टेम्प अशा मोजक्याच जागा आत जोडते. त्यामुळे लिंक दिसते, पण ती जिथे नेते ती जागा आत नसतेच. ‘रीडलिंक’ने खरा पाथ काढून तो ‘बाइंड’ पर्यायाने जोडताच काम सुरळीत चालू झाले. प्रशासकांनी ॲपटेनरच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये त्या डिस्कची एक ओळ घातली असती, तर कोणालाच हा त्रास झाला नसता, याची चीड मला अजूनही येते.

इमेज उतरवण्याआधीच कॅशेची (उतरवलेल्या इमेज साठवण्याची) जागा होमबाहेर वळवावी, नाहीतर होमचा कोटा भरतो. हे खरे तर आधी सांगायला हवे होते. इमेज निवडताना आवृत्तीऐवजी ‘लेटेस्ट’ हा टॅग कधीही वापरू नये, कारण त्यामागची इमेज बदलू शकते. होममधली पायथन पॅकेजेसही नकळत कंटेनरमध्ये शिरतात, तीही रोखावीत.

आणि कंटेनर तोच असूनही बीडब्ल्यूए-मेमचे (बीडब्ल्यूएच्या डीएनए तुकडे जुळवणाऱ्या आज्ञेचे) निकाल एकाच वेळी चालणाऱ्या थ्रेडची संख्या बदलल्यावर किंचित बदलू शकतात. त्यासाठी एका खेपेत किती डेटा घ्यायचा हे ठरवणारा ‘के’ (मोठ्या लिपीतला) हा पर्याय 100000000 वर स्थिर ठेवावा, आणि दोन निकालांची तुलना हेडर (फाइलच्या सुरुवातीची माहिती) वगळूनच करावी, कारण हेडरमध्ये दिलेली आज्ञाही नोंदलेली असते.