रिबिनीवरचा फोकस

मागच्या गुरुवारी दुपारी एक ताई दुकानात आल्या, पन्नाशीच्या पुढच्या, हातात आईचं आधारकार्ड. म्हणाल्या, दादा यावरनं मोठा फोटो करून द्या, रविवारी दहावा आहे. आता आधारवरचा फोटो कसा असतो ते सगळ्यांना माहितीय, नखाएवढा, त्यातून १२ बाय १५ कुठून काढायचा? एआयवर टाकून बघितलं. त्यानं एक गुळगुळीत बाई काढून दिली. ताईंनी बघितलं आणि म्हणाल्या, ही कोण?

दुसरा फोटोच नाही म्हणे. निघता निघता सहज बोलल्या की अकरावीला आयकार्डाच्या फोटोला आईबरोबर इथंच आले होते, तुमचे वडील होते तेव्हा, पण तिचा नाही काढला, पैसे कुठं होते. साल विचारलं तर १९८५, कॉलेज सुरू व्हायच्या वेळी.

आमच्या अण्णांची एक सवय होती. प्रत्येक निगेटिव्ह बटर पेपरच्या पाकिटात, वर नंबर, रजिस्टरात तोच नंबर, नाव, किती कॉप्या, किती बाकी. हे सगळं पोटमाळ्यावर पत्र्याच्या पेट्यांमध्ये, आणि खरं सांगतो, मी दोनदा ते भंगारात घालायला निघालो होतो, बायकोनं अडवलं. पेटी उघडली की व्हिनेगरसारखा भपकारा येतो, जुन्या फिल्मचा बेस सडायला लागला की तसं होतं, काही तर पार गुंडाळी होऊन गेल्यात. अडीच तास शोधलं, ताई खाली बाकड्यावर बसून होत्या, चहा दोनदा झाला. मिळाली.

अण्णांकडे यशिका ६३५ होता, वरनं काचेत वाकून बघायचा कॅमेरा. १२० चा रोल, बारा फोटो झाले की संपला. तो कॅमेरा मीटरभराच्या आत फोकसच करत नाही, त्यामुळं पासपोर्ट फोटोतसुद्धा आजूबाजूचं बरंच काही यायचं आणि प्रिंट मारताना एन्लार्जरखाली ते कापून टाकायचे. मी पट्टी खिडकीशी धरली. दोन फ्रेम होत्या. एकीत नुसती मुलगी, सरळ बसलेली. दुसरीत मुलगी आणि कडेला, जराशी मागे, पांढऱ्या केसांची एक बाई. ताई एकदम म्हणाल्या, अहो, आई शेवटी अगदी अशीच दिसायची! मला कसंतरीच झालं. म्हणलं ताई, निगेटिव्ह आहे ही, यात काळे केस पांढरे दिसतात.

टॅबवर पांढरी स्क्रीन लावली, पिक्सेल येऊ नयेत म्हणून मधे दुधी अॅक्रिलिक, त्यावर निगेटिव्ह, वरनं मॅक्रोनं, म्हणजे अगदी जवळून टिपणाऱ्या लेन्सनं फोटो काढला आणि कॉम्प्युटरवर काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं केलं. पस्तिशीची बाई निघाली. रिबीन दातात धरलीय, दोन्ही हातांनी लेकीची वेणी आवळतीय, कॅमेऱ्याकडे लक्षच नाही.

मला आधी वाटलं चुकून बटण दाबलं गेलं असेल. म्हणून झूम केलं. फोकस मुलीवर नाहीच, ती किंचित सॉफ्ट आहे. फोकस रिबिनीवर आहे, तिची वीण दिसते. म्हणजे अण्णांनी वरनं काचेत बघून, नॉब फिरवून, मुद्दाम. आणि हा माणूस असा की लग्नातही रोल वाया जाईल म्हणून नातेवाइकांना ताटकळत ठेवायचा! रजिस्टरात त्या फ्रेमची नोंद नाही, पैसे नाहीत, कुणाला दाखवलीही नसणार. मी एका लग्नात चार हजार फ्रेम मारतो, बर्स्टवर, बोट उचलत नाही. माझ्या कार्डावर फोटोग्राफर छापलंय, अण्णांच्या पाटीवर नुसतं 'फोटो काढून मिळतील'.

पण हार घालायच्या फोटोत जिवंत माणूस कसा चालणार? म्हणून मुलगी कापली, नुसता आईचा चेहरा ठेवला. ग्रेन, म्हणजे फिल्मचे दाणे, बराच आला. रिबीन काढू का विचारलं, फोटोशॉपमध्ये पाच मिनिटांचं काम. तर ताई म्हणाल्या, राहू द्या, तिच्या तोंडात कायम काहीतरी असायचंच, रिबीन नाहीतर केसांचे आकडे.

अख्ख्या फ्रेमची एक कॉपी वेगळी करून दिली, घरात लावायला. पैसे फक्त प्रिंटचे घेतले.

अजून सात पेट्या आहेत वर. तुळशीच्या लग्नापर्यंत तसं काम नाहीये, रोज रात्री जेवण झाल्यावर एकेक पाकीट खिडकीऐवजी टॅबवर धरून बघतोय, कुठं रजिस्टरात नसलेली फ्रेम सापडते का.