मेडलच्या कडेला नाव नाही

दहा वाजून गेले. झोप नाही म्हणून वही काढली. राग कुणावर आहे म्हणावं तर तसंही नाही. ज्याच्यावर निघायचा, त्या पोराने तर जीव लावून सगळं केलंय.

नातवाने परवा मला न विचारता मेडलं मागवली. आज पार्सल आलं. १९७१ च्या लढाईची दोन, म्हणजे ‘पूर्वी स्टार’ आणि संग्राम मेडल, शिवाय स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं, नऊ वर्षांच्या नोकरीचं, सगळी एका पट्टीवर ओळीने बसवलेली, मागे पिन. रंगीत फिती कोऱ्या करकरीत. “आबा, सोळा डिसेंबरला ही लावूनच जायचं. त्या दिवशी सगळ्यांच्या छातीवर असतात आणि तुम्ही नुसते कोटावर.” सूनबाईने लगेच फोटो काढला. मी हसलो त्यात. पोरगं इतकं खूश होतं की दुसरं काही करता येईना.

सगळी आत गेल्यावर संग्राम मेडल हातात घेतलं आणि कडेवरून अंगठा फिरवला. पूर्ण फेरी. गुळगुळीत. दुसऱ्यांदा नख लावून फिरवला. एक अक्षर लागलं नाही.

तेव्हापासून हे असं झालंय.

सरकारी मेडलच्या कडेला नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. बाजारातलं तेवढं सोडून सगळं सारखं. वजन सारखं, चमक तर जास्तच. छावणीच्या तोंडाशी वर्दी शिवून देणारी दुकानं असतात, तिथे काचेखाली ही कायम मांडलेली. नोकरीतली मुलंसुद्धा परेडच्या आधी तिथूनच घेतात, कारण खरी यायला किती वर्षं लागतील सांगता येत नाही. त्यात कुणी कमीपणा मानत नाही आणि मानूही नये. हक्क असतोच त्यांचा. माझाही आहे. मग मला का खुपतंय?

हक्काचं म्हणाल तर कागद पक्का आहे. लढाई संपल्यावर पार्ट टू ऑर्डर, म्हणजे पलटणीच्या दप्तरातली लेखी नोंद, निघाली, फीत लावायची परवानगी मिळाली, नोकरी सुटताना मिळालेल्या डिस्चार्ज बुकात मेडलांच्या रकान्यात लढाईच्या दोन्ही मेडलांची नावं शाईने लिहिलेली आहेत. फीत लावूनच उरलेली नोकरी केली, फीत लावूनच घरी आलो. “मेडल मागाहून येईल,” असं हेडक्लार्कसाहेब म्हणाले होते, आणि आम्ही तरी कुठे घाई करत होतो. तेव्हा बदल्या, मग घराचं बांधकाम, विहीर, मुलीचं लग्न. पंचविसाव्या वर्षाचं खरं मेडल नोकरीत असतानाच हाती पडलं होतं, ते ट्रंकेत आहे, त्याच्या कडेला माझं नाव आहे. लढाईची दोन तेवढी राहिली.

अर्ज केले. एका उत्तरात त्यांनी माझ्याकडेच पार्ट टू ऑर्डरचा नंबर आणि तारीख मागितली. जो कागद त्यांच्या कपाटात असायचा, त्याचा नंबर जवानाने कुठून द्यायचा? पुढच्या उत्तरात होतं की जुनी कागदपत्रं मुदत संपल्यावर नष्ट केली जातात. त्यानंतर उत्तरच नाही. तालुक्याच्या कचेरीतला मुलगा चांगला आहे, खुर्ची देतो, चहा सांगतो. मागच्या वेळी हळूच म्हणाला, “काका, बाजारातून घेऊन टाका ना. कोण कडा बघतंय?”

कोण बघतंय. खरंच आहे. कुणीच बघत नाही. तरी.

आमच्या आज्याचं मेडल देव्हाऱ्याच्या खालच्या फळीत असायचं. पहिल्या महायुद्धातलं, चांदीचं. एका अंगाला पंचम जॉर्जचं तोंड, दुसऱ्या अंगाला घोड्यावरचा उघडा माणूस आणि १९१४, १९१८ ही सालं. लहानपणी मला वाटायचं घोड्यावर आजाच आहे. कडेला बारीक इंग्रजी अक्षरं: नंबर, शिपाई, नाव आणि ११४ मराठा. शाळेत इंग्रजी आल्यावर मी ती लावून वाचली. आज्याचं नाव चुकीचं लिहिलं होतं, मधलं एक अक्षरच नव्हतं. आज्याला सांगितलं तर म्हणाला, “असू दे. लिहिलंय न्हवं?” तो आयुष्यभर अंगठा उठवत आला. स्वतःचं नाव त्याने कधी वाचलं नाही, पण मेसोपोटेमियात पाणी वाहिलं, गोळी झेलली, तर त्या परक्या सरकारने त्याचं नाव चांदीच्या कडेला घालून घरपोच दिलं. मी आपल्या सरकारचा शिपाई. परक्याने दिलं आणि आपल्याने द्यायचं राहून गेलं, हे मनात आलं की घास उतरत नाही. हे मी घरात बोलत नाही. बोललो की लोकांना ते सरकारविरुद्ध वाटतं, आणि मला तसं म्हणायचंच नसतं.

मी वीरचक्र मागत नाही. ते ज्यांचं होतं त्यांना मिळालं. तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या जमालपूरला आमच्या पलटणीचे प्रमुख, सीओ ब्रारसाहेब होते, त्यांना वीरचक्र मिळालं, ब्रिगेडियर क्लेरसाहेबांना महावीरचक्र. योग्यच मिळालं. क्लेरसाहेबांनी समोरच्याला शरण यायचं पत्र धाडलं आणि तिकडून जे उत्तर आलं त्यात बंदुकीची गोळी गुंडाळलेली होती, हे आम्हाला खंदकात दुसऱ्याच दिवशी कळलं. कसं कळलं माहीत नाही, पण पलटणीत असल्या गोष्टी लंगरच्या डेगीबरोबर फिरतात.

ब्रह्मपुत्रा ओलांडून आम्ही जमालपूरच्या पाठीमागे गेलो होतो, टांगाईलच्या रस्त्यावर. तो रस्ता अडवायचा एवढंच काम. १० डिसेंबरची रात्र. खंदक खणताना खालची माती ओली लागायची, फावड्याला चिकटायची, ती हाताने सोडवावी लागायची. मी वीस वर्षांचा. शेजारी साताऱ्याकडच्या मेढा गावचा जवान, आम्ही त्याला मेढ्याचाच म्हणायचो. त्याच्या खिशात शक्करपारे होते. त्यातले अर्धे त्याने मला दिले आणि म्हणाला, “उरलेले उद्या.” मग मध्यरात्रीनंतर ३१ बलूच या पाकिस्तानी पलटणीची माणसं गावातून निसटून ढाक्याकडे जायला त्याच रस्त्याने आली. पुढचं मी कधी लिहिलेलं नाही आणि आजही लिहीत नाही. सकाळी जमालपूर पडलं होतं. ११ तारखेला दुपारी टांगाईलला आपले छत्रीवाले सैनिक विमानातून उतरले, आणि १६ ला ढाक्यात पाकिस्तानी जनरल नियाझीने शरणागतीवर सही केली. ९३ हजार कैदी. हे सगळं पुस्तकांत आहे. शक्करपारे दुसऱ्या दिवशी खाल्ले, ते पुस्तकात नाही.

लिहिता लिहिता एक लक्षात येतंय. मला मेडल लोकांना दाखवायला नकोच आहे. दाखवायचं असतं तर आज आलेलं पुरे होतं. ही मेडलं कोलकात्याच्या टांकसाळीत बनतात. तिथे कुणीतरी कधीतरी यादी समोर घेऊन बसलं पाहिजे, माझा नंबर वाचला पाहिजे आणि यंत्राखाली ती कडा धरून एकेक अक्षर उठवलं पाहिजे. त्या माणसाला मी कोण ते कळणार नाही, आणि कळायची गरजही नाही. पण सरकारच्या घरात, सरकारच्या पगारावर, कुणीतरी तेवढा वेळ माझ्या नावासाठी दिला पाहिजे. त्या रात्री तू तिथे होतास, एवढं त्याने धातूवर लिहून द्यावं. दुकानदार हे देऊ शकत नाही. माझा नातूही देऊ शकत नाही, त्याने कितीही पैसे घातले तरी.

हे नातवाला सांगू कसं? त्याला वाटेल त्याचं चुकलं. त्याचं काहीच चुकलं नाही. त्याच्याइतकं माझ्यासाठी गेल्या कित्येक वर्षांत कुणी धावलेलं नाही. हिच्या वेळी सुद्धा… जाऊ दे.

आता जरा शांत वाटतंय. पेन्शन महिन्याच्या महिन्याला येते, कँटीनचं कार्ड आहे, दवाखान्यात औषध मिळतं. विसरले म्हणता येणार नाही. कागद हरवला आणि तो कुणी शोधला नाही, इतकंच झालंय. ६५ च्या लढाईतली माणसं माझ्याआधी रांगेत होती आणि त्यातली बरीच मेडलाविना गेली. मलाही ते दिसणार नाही असं धरून चाललं तर रात्री तरी नीट जातील. कदाचित ते माझ्यामागे येईल आणि सही करून पोरगं घेईल. चालेल. तेव्हा कडा तपासून घे, एवढं त्याला सांगून ठेवतो. नाव चुकलेलं असलं तरी घे म्हणावं.

सोळा तारखेला नातवाची पट्टी लावून जायचं ठरवलंय. पूर्वी आपल्याला पटत नाही ते करायचं नाही असा माझा बाणा होता. पण तो माझ्याबरोबर येणार आहे, पहिल्यांदाच, आणि त्याच्यासमोर छाती रिकामी ठेवून उभं राहणं मला जमणार नाही. कोटाच्या आतल्या खिशात डिस्चार्ज बुकाची झेरॉक्स ठेवतो. ती मला पुरे.

मेढ्याचा गेल्या पावसाळ्यात गेला. त्याचाही अर्ज तसाच पडून होता, आम्ही दोघांनी एकाच टेबलावर बसून लिहिले होते. वहिनींना त्यातलं काही ठाऊक असेल असं वाटत नाही. जवान गेल्यावर वारसाला मेडल मागता येतं, तेव्हा त्याचं डिस्चार्ज बुक आणि मृत्यूचा दाखला काढून ठेवा असा उद्या सकाळी त्यांना फोन करतो. साताऱ्याहून मेढ्याला एसटी आहे. त्यांचा अर्ज मीच लिहीन, आणि त्याच पाकिटात माझाही परत घालीन.