रिकामा हौदा

लातुरात हायलक्स, म्हणजे मागे उघडा हौदा असलेला टोयोटाचा पिकअप, घेऊन भाजी आणायला जाणारा माणूस आमच्या घरात आहे. आमचा दादा. गाडीची लांबी ५३२५ मिलिमीटर, म्हणजे साडेसतरा फूट. एका दमात पूर्ण वळायचं तर बेचाळीस फुटांचा घेर लागतो. आमच्या गल्लीत तेवढी जागा फक्त लग्नाचा मांडव पडतो तेव्हा होते, आणि ती मांडवासाठी असते.

गंजगोलाईत खरी मजा. १६ रस्ते येऊन मिळतात, मधोमध देवीचं देऊळ, आणि भोवती मिरची-गुळापासून सोन्या-चपलांपर्यंत सगळा बाजार. स्कूटीवाला हवा तो रस्ता पकडून निसटतो. दादाचा रस्ता हातगाड्यांनी अडलेला असतो, मग तो पुढचा बघतो, तोही अडलेला, की आणखी एक फेरी. मागे बसलेली वहिनी म्हणते, "जाऊ द्या, तेवढीच प्रदक्षिणा."

कंपनी सांगते, ही गाडी ७०० मिलिमीटर पाण्यातून जाते. दादा हे पाहुण्यांना आवर्जून ऐकवतो. २०१६ च्या एप्रिलात ज्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या गावात! पाहुणे मान डोलावतात आणि ॲव्हरेज विचारतात. तिथं दादा विषय बदलतो. टाकी ८० लिटरची आहे, एवढं सांगितलं तरी पुरे.

चारही चाकांना जोर देणारं फोर बाय फोरचं बटण तर शहरात जवळजवळ शोभेचंच. कोरड्या डांबरावर ते लावून वळलं तर गाडी आखडते. वळणावर पुढच्या चाकांना जास्त अंतर कापावं लागतं, मागच्यांना कमी, आणि हा फरक पचवणारं डिफरन्शियल मधे नसतं. म्हणून दादा बटण फिरवतो ते शेताच्या पाणंदीवर. तिथंही आपली काळी माती काय चीज आहे हे ज्यानं टायर बनवला त्याला ठाऊक नसावं. एक चांगला पाऊस झाला की चिखल टायरच्या खाचांत गच्च बसतो, टायर गुळगुळीत होतो आणि चारही चाकं इमानेइतबारे जागच्या जागी फिरतात. मग शेजारच्या रानातला ट्रॅक्टर येतो. ट्रॅक्टरवाला दोर बांधताना काही बोलत नाही, हसतो फक्त.

मला मात्र या गाडीतली सगळ्यात खरी गोष्ट वाटते ती मागचे कमानपाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा. ते ओझ्यासाठी केलेले. हौदा रिकामा असला की स्पीडब्रेकरवर गाडीचं बूड खोंडासारखं उधळतं. मागच्या सीटवर चहा प्यायची सोय नाही. पण हौद्यात सोयाबीनचे चार कट्टे टाका, तीच गाडी शहाण्यासारखी चालते. म्हणजे एकटा माणूस ऑफिसला निघाला की ती त्रास देते आणि दुसऱ्याचं सामान भरलं की सुखानं नेते. आता असली गाडी एकट्याची कशी राहणार?

नाहीच राहिली. गल्लीत कुणाचा फ्रीज बदलायचा, कुणाच्या पोराला हॉस्टेलवर गादी-कपाट पोचवायचं, कुणाच्या वास्तुशांतीला मंगल कार्यालयातून खुर्च्या आणायच्या, सगळ्यांना आधी दादा आठवतो. टेम्पोवाला भाडं मागतो, दादा नाही. सिग्नलला एकदा एका मिरचीवाल्यानं काचेवर टकटक करून विचारलं, "मालक, औशाला रिकामेच जायलाव का?" दादानं काच वर केली. गाडीत वरचं मॉडेल, लेदर सीट, ५०० न्यूटन मीटरचा टॉर्क. आणि औशाचं भाडं! पण माझ्या मते मिरचीवाल्यानं गाडी बरोबर ओळखली होती.

या अपमानानंतर दादाच्या डोक्यात हौद्यावर कुलूपबंद झाकण बसवायचं आलं. मोबाइलवर फोटो काढून त्यानं सगळ्यांना दाखवले: काळंभोर, सपाट, एकदम कारसारखं. ही बातमी गल्लीत पोचायला संध्याकाळ पुरली. जेवणं झाल्यावर मंडळाची चार पोरं दारात येऊन उभी राहिली. बोलायला कुणी धजेना. शेवटी वहिनीनंच आतून विचारलं, "झाकण लावल्यावर यंदा गणपती कुठं बसवायचा, म्हणतायत."

दादानं दरपत्रक मागवलंय, पण अनंत चतुर्दशीनंतरचं.