रेकॉर्ड असलेल्या माणसाची नोकरी: आधी कागद, मग काम, मग तारखा

नाशिक भागातल्या अंबड, सातपूर किंवा सिन्नरच्या माळेगाव एमआयडीसीत अंगमेहनतीचं काम मिळणं तसं अवघड नसतं. ठेकेदाराला माणूस हवाच असतो. पोलीस रेकॉर्ड असलेल्या माणसाचं काम बहुतेकदा सुटतं ते नंतर, दोन-चार महिन्यांनी. कधी व्हेरिफिकेशनचा कागद आडवा येतो, कधी कोर्टाच्या तारखांमुळे खाडे वाढतात आणि सुपरवायझर म्हणतो, उद्यापासून येऊ नको. त्यामुळे कुणाला काम शोधून देण्याआधी मी एकच प्रश्न विचारायला सांगेन: रेकॉर्ड म्हणजे नेमकं काय आहे?

‘माझ्यावर केस आहे’ या एका वाक्यात पाच-सहा वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. नुसता गुन्हा दाखल झालेला असतो, चार्जशीट गेलेलं नसतं. कधी पोलिसांनी समरी, म्हणजे तपास बंद करण्याचा अहवाल, कोर्टात पाठवलेली असते. अ समरी म्हणजे गुन्हा खरा पण शोध लागला नाही, ब समरी म्हणजे तक्रार खोटी, क समरी म्हणजे गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाचा वाद. काहींचा खटला चालू असतो, काही निर्दोष सुटलेले असतात, काहींनी शिक्षा भोगलेली असते. काहींवर तर फक्त चॅप्टर केस, म्हणजे प्रतिबंधक कारवाई झालेली असते. ती शिक्षा नव्हे. माणसाला स्वतःलाच यातला फरक माहीत नसतो. तो मुलाखतीत ‘मी जेलमध्ये होतो’ एवढंच सांगून मोकळा होतो आणि समोरचा सगळ्यात वाईट अर्थ काढतो.

म्हणून पहिलं काम म्हणजे ई-कोर्ट्सच्या ॲपवर केस शोधणं. सीएनआर, म्हणजे केसचा १६ अक्षरी ओळख क्रमांक, असेल तर लगेच सापडते. नसेल तर पोलीस ठाणं, गुन्हा रजिस्टर नंबर आणि वर्ष टाकून शोधा. नावाने शोधताना आडनावाची दोन-तीन स्पेलिंगं करून बघा. निकाल लागलेला असेल तर नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात, किंवा निफाड, मालेगाव, येवला जिथे केस चालली तिथे, नक्कल विभागात अर्ज करून सही-शिक्क्याची नक्कल काढा. दोन प्रती काढा. एक घरी लॅमिनेट न करता फाइलमध्ये ठेवायची, कारण लॅमिनेट केलेल्या कागदावर पुढे शिक्का किंवा सही घेता येत नाही.

आता एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. भांडण, जुगार, दारूबंदीची केस अशा किरकोळ प्रकरणांत ‘गुन्हा कबूल कर, पाचशे-हजार दंड भर, केस संपव’ असा सल्ला सर्रास मिळतो. माणूस दंड भरतो आणि सुटल्याच्या आनंदात घरी जातो. पण गुन्हा कबूल करून दंड भरणं म्हणजे दोषसिद्धी. तीन-चार वर्षांनी कंपनीच्या फॉर्मवर ‘आपल्याला कधी शिक्षा झाली आहे का’ असा प्रश्न येतो, तेव्हा त्याचं खरं उत्तर ‘हो’ असतं, आणि हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. याउलट साधी मारहाण, शिवीगाळ, धमकी असे बरेच गुन्हे कायद्याने तडजोडपात्र आहेत. फिर्यादीशी तडजोड करून ती न्यायालयात नोंदवली, की त्याचा परिणाम निर्दोष सुटल्यासारखाच होतो. राष्ट्रीय लोकअदालतीत अशी प्रकरणं घेतली जातात. दोन्ही मार्गांनी केस संपते, पण नोकरीच्या दृष्टीने दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कबुलीच्या कागदावर सही करण्याआधी वकिलाला सरळ विचारा: यात तडजोड होते का?

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, औद्योगिक कामगार आणि कोठडीत असलेली व्यक्ती यांना कायद्याने मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००.

गुन्ह्याच्या वेळी वय १८ पेक्षा कमी असेल, तर गोष्टच वेगळी. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम २४ नुसार त्या दोषसिद्धीमुळे कोणतीही अपात्रता येत नाही, आणि कलम ७४ नुसार प्रकरण निकाली निघालं असेल तर पोलिसांनी चारित्र्य दाखल्यासाठी ती नोंद उघड करायची नाही. १६ वर्षांवरील मुलावर गंभीर गुन्ह्यात सज्ञान म्हणून खटला चालला असेल तर मात्र कलम २४ चं संरक्षण मिळत नाही. न्यायालयाने परिविक्षेवर, म्हणजे चांगल्या वर्तणुकीच्या बॉन्डवर सोडलेल्यांसाठी १९५८ च्या परिविक्षा अधिनियमाचं कलम १२ आहे: त्या दोषसिद्धीला जोडलेली अपात्रता लागू होत नाही. दोषसिद्धी पुसली जात नाही, हेही तितकंच लक्षात ठेवायचं. हे आदेश फाइलमध्ये वरच्या बाजूला असावेत.

चारित्र्य पडताळणीचा दाखला राज्य पोलिसांच्या ऑनलाइन पोर्टलवरून काढतात. शहरात राहणाऱ्याचा अर्ज पोलीस आयुक्तालयाकडे जातो, तर सिन्नर, दिंडोरी, इगतपुरीसारख्या तालुक्यात राहणाऱ्याचा आडगावच्या ग्रामीण अधीक्षक कार्यालयाकडे. इथेच गफलत होते: काम अंबडला आहे म्हणून अंबड पोलीस ठाणं निवडलं जातं, पण पडताळणी राहत्या पत्त्यावर होते. भाड्याने राहत असाल तर भाडेकरारावरचा आणि आधारवरचा पत्ता जुळायला हवा. कंपनीचं पत्र आधीच घेऊन ठेवा.

निर्दोष सुटूनही दाखल्यावर ‘गुन्हा दाखल’ एवढंच येतं, अशी तक्रार नेहमीची. निकाल न्यायालयात लागतो, पण पोलीस ठाण्याच्या नोंदीत तो चढलेला नसतो. त्यावर उपाय म्हणजे निकालाच्या नकलेसह त्याच पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्यायचा, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायची, आणि नोंद अद्ययावत झाल्यावरच पडताळणीचा अर्ज भरायचा. मोठ्या कंपन्या आणि डिलिव्हरी ॲप्स खासगी एजन्सीकडूनही तपासणी करून घेतात. त्या नावावरून कोर्टाच्या नोंदी चाळतात, त्यामुळे नामसाधर्म्याचा घोळ होतो. अशा वेळी वडिलांचं नाव, वय आणि पत्ता वेगळा असल्याचं दाखवणारा कागद लेखी उत्तरासोबत लगेच पाठवावा.

फॉर्म भरताना प्रश्न नीट वाचा. ‘गुन्हा दाखल झाला होता का’, ‘खटला प्रलंबित आहे का’ आणि ‘शिक्षा झाली आहे का’ हे तीन वेगळे प्रश्न आहेत. जे विचारलंय त्याचंच उत्तर द्या, पण खोटं लिहू नका. अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सरकारी सेवेच्या संदर्भात सांगितलं, की माहिती खरीच असली पाहिजे. किरकोळ प्रकरण लपवलं असेल तर नियोक्ता ते माफ करू शकतो, आणि खरं सांगितलं म्हणून नोकरी दिलीच पाहिजे असंही नाही. खासगी कंपनीतही लपवलेली केस नंतर बाहेर आली, की काढून टाकायला तेवढं कारण पुरतं.

तोंडी सांगायचं ते तीन-चार वाक्यांत. उदाहरणार्थ: ‘साहेब, चोरीच्या केसमध्ये मला दीड वर्षाची शिक्षा झाली होती, ती पूर्ण झाली. आता कुठलीही केस चालू नाही. आत सुतारकाम करत होतो, हात बसलाय. कामाच्या ट्रायलमध्ये तुम्ही बघितलंच.’ सगळी कहाणी सांगू नये, फिर्यादीला दोष देऊ नये. आणि हे ट्रायलच्या आधी सांगावं की नंतर? माझं मत, ट्रायल झाल्यावर पण रुजू होण्याआधी. हाताचं काम बघितलेला मालक वेगळ्या कानाने ऐकतो.

नाशिकरोड मध्यवर्ती कारागृहात सुतारकाम, विणकाम, शिवणकाम चालतं. तिथल्या गणेशमूर्तींना शहरात चांगली मागणी असते. तिथे शिकलेल्या कामाला जुळणारं काम आधी शोधा: फर्निचरचे कारखाने, युनिफॉर्म शिवणारी युनिट्स. फॅब्रिकेशन, पावडर कोटिंग, पॅकिंगच्या छोट्या शेडमध्ये मालक स्वतः माणूस निवडतो, म्हणून तिथे दार लवकर उघडतं. द्राक्षाच्या हंगामात पिंपळगाव-दिंडोरीकडची पॅकहाउसं किंवा लासलगावची कांद्याची खळी सुरुवातीला हातात पैसे देतात, पण तिथे पीएफ नाही आणि अनुभवाचा कागदही नाही. सिक्युरिटी गार्डच्या मागे वेळ घालवू नका. २००५ च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याने शिक्षा झालेल्या व्यक्तीला गार्ड म्हणून ठेवता येत नाही.

सुटून आलेल्या माणसाची खरी अडचण अनेकदा मोबाइल नंबरात असते. आत असताना सिम बंद पडतं. आधार त्याच नंबराला जोडलेलं, बँकही त्याच नंबराला. ओटीपी येत नाही, म्हणून यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, चालू होत नाही, पगाराचं खातं उघडत नाही. क्रमाने जा: नवीन सिम, मग आधार केंद्रावर प्रत्यक्ष जाऊन नंबर बदल, मग बँक. दोन वर्षं व्यवहार नसलेलं खातं निष्क्रिय होतं. नव्याने केवायसी दिलं की विनाशुल्क चालू होतं. जुना यूएएन असेल तर दुसरा काढू नका.

आता टिकवण्याचं. तारखेच्या आदल्या संध्याकाळी ॲपवर बोर्ड, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या केसेसची यादी, बघा. हजर राहणं खरंच गरजेचं आहे का, हे वकिलाला विचारा. साक्ष किंवा आरोप निश्चिती नसेल तर हजेरी माफीचा अर्ज देता येतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत त्यासाठी कलम २२८ आणि ३५५ आहेत. न सांगता गैरहजर राहिलात तर वॉरंट निघतं, आणि ते रद्द करून घेण्यात आणखी एक दिवस जातो. म्हणजे एका खाड्याचे दोन खाडे. जामिनाच्या अटीत पोलीस ठाण्यात आठवड्याची हजेरी असेल आणि ती पहिल्या शिफ्टच्या आड येत असेल, तर नेमणूकपत्र जोडून वेळ किंवा वार बदलून मागा. जिल्ह्याबाहेर जायला मनाई असेल आणि कंपनी पुणे जिल्ह्यात चाकणला साइटवर पाठवत असेल, तर आधी न्यायालयाची परवानगी. तडीपारीचा आदेश असेल तर त्या हद्दीतलं काम शोधूच नका. हा आदेश जास्तीत जास्त दोन वर्षांचा असतो.

गणेशोत्सव, निवडणुका आल्या की रेकॉर्डवरच्या माणसांना ठाण्यात बोलावतात. २०२७ च्या सिंहस्थाच्या काळातही ते वाढणारच. नोटीस आली की तिची प्रत सुपरवायझरला त्याच दिवशी द्या, आणि नोकरीचं पत्र व हजेरीकार्डाची झेरॉक्स ठाण्यात द्या. नियमित कामावर असल्याचा पुरावा तिथे उपयोगी पडतो.

पहिला पगार हातात येईपर्यंत सव्वा महिना जातो, कारण महिना भरल्यावर पुढच्या सात तारखेपर्यंत पगार होतो. तेवढ्या काळाचं भाडं, डबा, सिटीलिंक बसचा पास आणि सेफ्टी शूज यांची सोय झाली नाही तर माणूस पंधराव्या दिवशी रोजंदारीकडे वळतो. मदत करणाऱ्यांनी पैसे द्यायचे तर इथे द्यावेत. बुटांचे पैसे ठेकेदाराकडून उचल म्हणून घ्यायला लावू नयेत.

मालकांना एवढंच विचारायचंय: गुन्ह्याचा आणि कामाचा संबंध आहे का ते बघा. अपघाताची केस ड्रायव्हर घेताना महत्त्वाची, फिटर घेताना नाही. ही माहिती एचआर आणि एका सुपरवायझरपुरती ठेवा. शॉपफ्लोअरवर पसरली की टोमण्यांनीच माणूस जातो. आणि ठेकेदार बदलताना नवा ठेकेदार सगळ्यांचं व्हेरिफिकेशन पुन्हा मागतो, तेव्हा वर्षभर बिनतक्रार काम केलेल्या माणसाला लेटरहेडवर, हजेरीच्या तपशिलासह अनुभवपत्र द्या. कामगारानेही ते ठेका संपायच्या महिनाभर आधीच मागून घ्यावं. ठेकेदार गेल्यावर सही करायला कुणी सापडत नाही.